सेतुरावांची भुई

सेतुरावांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका परक्या घराच्या मधोमध पालथे पडले होते. गाल जमिनीला टेकलेला, एक डोळा मिटलेला, दुसरा सताड उघडा, आणि पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं लुंगीसारखं धोतर, गुडघ्याच्या वर सरकलेली. मी सिमेंटचं पोतं खांद्यावर घेऊन दारातून आत आलो होतो. ते मी जागच्या जागी सोडलं आणि बोंब मारली, "मेला! माणूस मेला!" मराठीतच मारली. कुंभकोणमला मराठीत बोंब मारून उपयोग नसतो, पण घाबरल्यावर एवढं कुठलं सुचतं?

प्रेतानं उघडा डोळा माझ्याकडं वळवला.

"ओरडतोस कां? मेलों नाहीं. भुई बघतों."

मी भिंतीला टेकून खालीच बसलो. मेलेला माणूस बोलला हा एक धक्का, आणि मराठी बोलला हा दुसरा. दुसरा जास्त मोठा होता.

मी आटपाडीकडचा. आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी सगळ्या मुलखात पांगलेली आहेत. आठवीतून शाळा सोडल्यावर चुलत्यानं मला इथं त्याच्या गलाईच्या दुकानात आणलं. अ‍ॅसिडच्या धुरानं मला खोकला लागला, पुढं दुकानही बसलं, चुलता गावी परतला. मी मागं राहिलो, कारण परत जाऊन काय तोंड दाखवायचं हे मला ठरवता येईना. मग बांधकामाच्या सामानाच्या दुकानात पोती वाहायला लागलो. तमिळ कामापुरतं येत होतं. संपत हे नाव इकडंही चालतं, त्यामुळं नाव सांगितलं की लोक मला इकडचाच समजून भराभर बोलायचे आणि मी मान डोलवायचो.

त्या दिवशी सेतुराव उठले, वेष्टी झटकली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "गांव कोणतें?" मी सांगितलं. "उद्यांपासून माझ्याकडे ये." बस. फरशी बसवता येते का, थापी धरता येते का, काही विचारलं नाही. मला दोन्ही येत नव्हतं. रात्रभर मला वाटत राहिलं की सकाळी त्यांना आपली चूक कळेल आणि ते मला हाकलतील. ते वाटणं पुढं कितीतरी दिवस गेलं नाही. अजूनही पुरतं गेलंय असं नाही.

सेतुरावांचं काम म्हणजे घराची भुई सपाट करणं. जुन्या घरांत काँक्रीटची जमीन कुठं खचलेली असते, कुठं फुगलेली. त्यावर नवी फरशी तशीच बसवली तर ती डुगडुगते, कोपऱ्यात तडकते. म्हणून आधी उंचवटे घासायचे, खळगे भरायचे, सगळं एका पातळीत आणायचं, मग फरशी. इथले बाकीचे मेस्त्री हे काम उरकून टाकतात. सेतुराव त्यात राहायला जातात.

'भुई' हा त्यांचाच शब्द. तोंडातून खरं तर 'बुई' असं येतं, तमिळ वळणामुळं, पण लिहिताना मी भुई लिहितो. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्यात तंजावरकडं आले आणि इथलेच झाले. गल्लीतले लोक त्यांना 'रायर', म्हणजे राव, म्हणतात. त्यांचं मराठी त्या वेळी पेटीत घालून ठेवल्यासारखं. एथें, तेथें, कोण्हीं. माझं मराठी ऐकून त्यांचा जीव कासावीस व्हायचा. एकदा मी म्हणालो, "मामा, इथं जरा प्रॉब्लेम आहे." त्यांनी थापी खाली ठेवली.

"मराठींत इंग्लिश घालूं नको. तुम्ही लोकांनीं भाषेंत फार कलप्पडम केलें."

कलप्पडम म्हणजे भेसळ. शब्द तमिळ. ज्यानं कामाला ठेवलंय त्याला काय बोलणार?

या दोन भाषांच्या मध्ये माझे जे हाल झाले ते सांगायलाच हवेत. पहिल्याच आठवड्यात एका हॉलमध्ये सेतुराव पालथे पडून पाहत होते. अचानक त्यांनी माझ्या पायांकडं बोट केलं आणि ओरडले, "पळ्ळम! पळ्ळम!" मी पळालो. दारातून बाहेर, गल्लीतून, थेट देवळाच्या तळ्यापर्यंत. साप असेल, वीज उतरली असेल, एवढ्या जोरात 'पळ' म्हटल्यावर आटपाडीचा माणूस कारण विचारत बसत नाही. अर्ध्या तासानं भीत भीत परत आलो तर ते तिथंच पालथे. तमिळात पळ्ळम म्हणजे खळगा. मी खळग्यात उभा होतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

"कोठें गेला होतास?"

"पळालो."

"कां?"

"तुम्हीच म्हणाला."

"तुमच्या त्या देशांत सारे असेच आहेत?" त्यांनी विचारलं.

दुसरी गोष्ट रसमट्टमची. एका घरी भर दुपारी त्यांनी हुकूम सोडला, "संपत, धांवत जा, रसमट्टम आण." जेवणाचीच वेळ होती. मी मेसमधून डबाभर रसम आणलं, वाफाळतं, वर कोथिंबीर. सेतुरावांनी झाकण उघडलं, वास घेतला, माझ्याकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं. रसमट्टम म्हणजे ती बुडबुड्याची लाकडी पट्टी, जी ठेवली की पातळी कळते. आमच्याकडं तिला पाणसळ म्हणतात हेसुद्धा मला पुढं कळलं. आता आपली हकालपट्टी, असं मला वाटलं. पण त्यांनी शांतपणे तो डबा उचलला आणि सगळं रसम जमिनीवर ओतलं. घरमालकीण किंचाळत बाहेर आली. सेतुराव उकिडवे बसून, मिऱ्याचे दाणे कुठल्या दिशेनं वाहत जातात ते पाहत होते.

"हेंही चालतें," ते म्हणाले. "पण पुढल्या वेळीं पाणी आण. रसम फुकट जातें."

त्यांना हे असं करताना लाज म्हणून वाटत नाही. स्वामिमलैच्या वाटेवर एका लग्नात आम्ही गेलो. पंगत खाली होती. सेतुरावांनी पानावर भाताचं आळं केलं, त्यात रसम घेतलं, मग बोटानं आळं फोडलं आणि न जेवता नुसते बघत बसले. रसम वाहत शेजाऱ्याच्या पानाखाली गेलं. मुलीचा बाप हात जोडून विचारायला आला, रायर, रसम कसं झालंय? "रसम चांगलें. भुई ईशान्येला अर्धा इंच खालीं." बापाचा चेहरा असा पडला की जणू नवरा मुलगाच पळून गेलाय.

गिऱ्हाइकांनाही सुटका नाही. आधीं निज, मग बोल, हा त्यांचा कायदा. कुणी म्हणालं की रायर, जमीन तशी बरी आहे, वरून फरशी टाका, की ते त्याला तिथंच पालथं निजायला लावतात. एका निवृत्त तहसीलदाराला मी माझ्या डोळ्यांनी त्याच्याच बैठकीत आडवा झालेला पाहिलाय, सोन्याच्या काडीच्या चष्म्यासकट, आणि त्याची बायको दारात पदर तोंडात कोंबून उभी. मी भिंतीकडं तोंड करून उभा होतो. मला वाटलं आता पोलीस येणार. तहसीलदार उठला, शर्ट झटकला आणि म्हणाला, "खरंच की हो."

माणसांबद्दल बोलतानाही त्यांची तीच भाषा. मेडु म्हणजे उंचवटा. "दुकानदार बरा, पण स्वभावांत मेडु आहे." माझ्याबद्दल म्हणायचे, "ह्याला सारा पळ्ळमच आहे, काय टाकलें तें भरतच नाहीं." हे ते जेवण वाढताना म्हणायचे आणि वर आणखी एक पळी भात टाकायचे. त्यांनी मला राहायला माडीवरची खोली दिली, थापी धरायला शिकवलं, तापात माझ्या उशाशी मिऱ्याचा काढा आणून ठेवला. त्यांची बायको वारलेली, मुलगी सिंगापूरला. मुलगी फोन करते ती तमिळात, नातवंडं इंग्रजीत.

मराठीत त्यांच्याशी बोलणारं त्या गल्लीत एकच माणूस होतं, आणि ते माणूस त्यांच्याशी फक्त भांडायचं.

सुभद्राक्का. सेतुरावांच्या घरापासून दोन घरं पलीकडं. नात्यानं कोणी नव्हत्या, पण लहानपणापासूनच्या अक्का. ऐंशीच्या पुढच्या, मोतीबिंदूनं अर्धवट दिसणाऱ्या, घरात एकट्या. मुलगा मुरली चेन्नईला बँकेत. कधीकाळी त्या गल्लीत मराठी घरांची ओळ होती म्हणे. चेन्नई, बंगळूर, अमेरिका करत सगळी पांगली, घरं विकली गेली. उरले हे दोघे. रोज दुपारी काम उरकलं की सेतुराव अक्कांच्या ओट्यासमोरून जायचे, आणि तिथं उभे राहून काय काय बोलणं व्हायचं ते ऐकून पहिल्या दिवशी माझ्या अंगावर काटा आला.

"आला गांडूळ," अक्का म्हणायच्या.

"गांडूळ भुईला कामाचा तरी. तूं कोण्हाच्या कामाची?"

"तुझ्या मुंजींत मी वाढलें होतें, विसरलास?"

"त्या आमटींत मीठ नव्हतें."

"होतें!"

"नव्हतें. विचार कोण्हालाही."

"कोण्हाला विचारूं मुडद्या? सारीं गेलीं."

"मग नव्हतें."

आमच्या गावात एवढ्यावर काठ्या निघाल्या असत्या. इथं मात्र अक्का आत जाऊन कॉफी आणायच्या, पितळी डबऱ्यात, म्हणजे पसरट वाटीत, फेसाळती, आणि ती त्यांच्यापुढं आपटायच्या. सेतुराव पहिला घोट घेऊन म्हणायचे, "पाणी." आणि सगळी प्यायचे. मग आम्ही घरी जायचो. वाटेत ते मला सांगायचे की ही बाई म्हणजे कानाचा छळ आहे. दुसऱ्या दिवशी काम लांबलं की सारखे घड्याळाकडं बघायचे.

मग अक्का पडल्या. परसात नळापाशी, मनगट मोडलं. मुरली धावत आला. उंच, गोरा, इस्त्रीचा शर्ट. मराठी समजतं पण बोलताना तमिळ बोलतो. त्यानं घरभर हिंडून जमीन पाहिली आणि त्याचा चेहरा उतरला. स्वयंपाकघरात चुलीपाशी खळगा, देवघरापुढं उंचवटा, माजघराच्या मध्यावर ठिगळावर ठिगळ मारलेलं काँक्रीट. म्हणाला, या जमिनीवर अम्मा पुन्हा पडणार. पोंगलला मी येईन. तोवर सगळं सपाट करून, पाय न घसरणारी फरशी घातलेली दिसली तर अम्मा इथं राहील. नाहीतर माझ्याबरोबर चेन्नईला.

"मी नळापाशीं पडलें," अक्का म्हणाल्या. "शेवाळ होतें. भुईचा काय दोष?"

त्यांच्याकडं कोणाचं लक्ष नव्हतं. सेतुराव आधीच पालथे पडले होते.

वाटेत मला म्हणाले, "जाऊं दे चेन्नईला. कान निवतील माझे." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांच्या दुकानाचं ठरलेलं काम पुढं ढकललं. अख्खं दुकान, वर-खाली दोन मजले. मालक फोनवर एवढा ओरडला की मला लांबून ऐकू आलं. सेतुरावांनी फोन कानापासून दूर धरला आणि म्हणाले, "भुईचें काम आहे. घाई करून होत नाहीं." मग माझ्याकडं वळून, "घाई कर."

पुढचे दिवस मी त्यांना ओळखू शकलो नाही. छिन्नी-हातोड्यानं जुनी ठिगळं उखडली. उंचवटे घासायच्या यंत्राचा धुरळा असा की आम्ही दोघं पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे. भिंतीवर पाण्याच्या पारदर्शक नळीनं पातळी आखली. ती त्यांनी एकदा आखली, पुसली, पुन्हा आखली, पुन्हा पुसली. मग ते डोशाच्या पिठासारखं पातळ मिश्रण ओतलं, जे आपोआप पसरतं आणि आपली पातळी आपण गाठतं. ते ओलं असताना त्यावर खिळ्यांचे बूट घालून चालावं लागतं. वेष्टी खोचून, खिळ्यांचे बूट घालून, बगळ्यासारखे पाय उचलत सेतुराव अक्कांच्या माजघरात फिरत होते आणि मी दारात उभा राहून देवाचं नाव घेत होतो.

अक्का बाहेर ओट्यावर, हात गळ्यात बांधलेला. त्यांची जीभ मोकळी होती.

"सेतू! देवघरापुढला मेडु काढूं नको. तो पायाला लागला कीं मला कळतें देव आले."

"देव कोठें जात नाहींत."

"आणि चुलीपाशींचा पळ्ळम राहूं दे. तेथें पाय बसला कीं मी शेगडीकडे हात नेतें. मला दिसतें काय?"

"अक्का, मी जिवंत असतां तुझ्या घरांत पळ्ळम राहिला तर लोक माझ्या तोंडांत शेण घालतील."

"घालूं दे. चव तरी बदलेल."

मी हसलो. सेतुराव हसले नाहीत. खिळ्यांचे बूट घालून ते नेमके चुलीपाशीच उभे होते. काम चाललं तेवढे दिवस अक्का शेजारणीकडं निजल्या आणि उजाडलं की ओट्यावर येऊन बसल्या. फरशी बसली, दारं घासू नयेत म्हणून त्यांचे तळ रंध्यानं तासून घेतले, सांधे भरले. शेवटच्या दिवशी सेतुरावांनी सगळ्या घरभर पालथं पडून पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत. उठले तेव्हा गालावर फरशीचे वळ उमटले होते.

"संपत," ते म्हणाले, "अशी भुई मी आजवर केली नाहीं."

खरंच तशी ती मीही पाहिली नव्हती. तळ्यातलं पाणी पाहावं तशी.

पोंगलला मुरली आला. त्यानं खिशातून फोन काढला आणि जमिनीवर ठेवला. फोनवर पातळी दाखवणारं काहीतरी होतं. सेतुरावांच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

"आधीं निज," ते म्हणाले.

"अंकल, माझा शर्ट..."

"निज. मग बोल."

मुरली निजला. बँकेचा अधिकारी, पोंगलचा नवा शर्ट, गाल फरशीवर. बराच वेळ उठला नाही. उठला तेव्हा त्यानं सेतुरावांचे दोन्ही हात धरले आणि तमिळात म्हणाला, "अंकल, अम्मा इथंच राहू दे. आता मला भीती नाही."

सेतुरावांनी वेष्टीच्या टोकानं नाक पुसलं आणि उगाचच माझ्यावर खेकसले, ती बादली तेथें कां ठेविली म्हणून. तिथं बादली नव्हती. मला वाटलं आता मी रडतो की काय. मग ते ओट्याकडं गेले आणि मोठ्यानं म्हणाले, "ये अक्का! ये, बघ तुझें घर!"

अक्का उठल्या. उंबऱ्याला हात लावून तो डोळ्यांना लावला, आणि आत आल्या, अनवाणी.

पहिलं पाऊल ठीक पडलं. मग त्यांनी पाय नेहमीसारखा उचलला, जिथं पूर्वी काँक्रीटचं ठिगळ वर आलेलं होतं तिथं. ठिगळ नव्हतं. पाय हवेतून धाडकन खाली आला. त्या दचकल्या. दुसरा पाय चाचपडत पुढं सरकला, उजवीकडं, डावीकडं, काहीतरी शोधत. तिथं काही नव्हतं. चहूकडं सारखंच. माजघराच्या मधोमध अक्का उभ्या राहिल्या. बरा हात पुढं झाला, भिंत कुठंच हाताला लागेना.

"सेतू," त्या म्हणाल्या. आवाज लहान मुलीसारखा. "सेतू, मी कोठें आहें?"

स्वतःच्याच घरात, माजघरात, दिवसाउजेडी. मुरलीनं पुढं होऊन त्यांना धरलं आणि खाली बसवलं. अक्का त्या सपाट फरशीवरून तळवा फिरवत राहिल्या.

मुरली रागावला नाही. तो हळू आवाजात एवढंच म्हणाला की जमीन उत्तम आहे, पण अम्मा आता एकटी राहू शकत नाही, हे त्यानं पाहिलं. सकाळी गाडी येईल.

आणि मग सेतुरावांनी जे केलं त्यानं मला आजवरचा सगळ्यात मोठा धक्का बसला. ते कोपऱ्यात गेले आणि हातोडा-छिन्नी घेऊन आले.

"फोडतों," ते म्हणाले. "मुरली, चार दिवस दे. सारी फोडतों. होती तशी करतों. मेडु करतों, पळ्ळम करतों. मला ठाऊक आहे कोठें काय होतें." खिशातून खडू काढून ते गुडघ्यांवर बसले आणि त्या नव्या, चकचकीत फरशीवर गोल काढायला लागले. "हा चुलीपाशींचा. हा देवघरापुढला. एथें लांबट होतें, असें..." खडू मोडला. अर्ध्या तुकड्यानं काढत राहिले. ज्या माणसानं मला कागदाच्या जाडीइतक्या खळग्यावरून दिवसभर शिव्या घातल्या होत्या, तो माणूस खळगे मागत होता.

मुरली माझ्याकडं बघू लागला, म्हणजे मी काहीतरी करावं म्हणून. मी काय करणार?

अक्काच बोलल्या. "राहूं दे सेतू. चांगली केलीस. इतकी गुळगुळीत भुई माझ्या सासऱ्यांनींही पाहिली नाहीं." एवढंच. शिवी नाही, टोमणा नाही. सेतुरावांचा हात तिथंच थांबला.

सकाळी गाडी गेली. अक्कांनी काच खाली केली, पण दोघांना बोलायला काही सुचेना. सेतुराव म्हणाले, "जपून." अक्का म्हणाल्या, "तूंही." भांडायची सवय असलेली माणसं. प्रेमाचं बोलायचं कसं ते दोघांनाही येत नव्हतं.

फोन येतात. मुरली लावून देतो. पण फोनवर मागं टीव्ही चालू असतो, नातवंडं असतात, आणि अक्का तिकडं तमिळ बोलायला लागल्यात. "बरें आहे?" "बरें आहे." "पाऊस?" "थोडा." संपलं. फोन ठेवल्यावर सेतुराव खूप वेळ त्याच्याकडं बघत बसतात, जणू तो सरळ बसलेला नाही.

तिरुभुवनमचं काम आम्ही केलं. चांगलं झालं. सेतुराव मला ओरडले नाहीत. माझ्या हातून एक कोपरा खाली राहिला, तो त्यांनी गुपचूप स्वतः भरला. मला ते ओरडण्यापेक्षा भयंकर वाटलं. आता हे आपल्याला काढणार, असंही आलं मनात. माझं मन तिकडंच धावतं.

एका दुपारी परतताना ते अक्कांच्या ओट्यावर बसले. घराला कुलूप, किल्ली त्यांच्याचकडं. मीही खालच्या पायरीवर बसलो. समोर फुलवाली दारोदार फिरत होती.

"संपत," ते म्हणाले, "भांड."

"काय?"

"माझ्याशीं भांड. मराठींत."

मी हादरलो. ज्यानं छप्पर दिलं, जेवण दिलं, हातात धंदा दिला, त्याच्याशी भांडायचं? माझ्या आईनं ऐकलं असतं तर माझ्या थोबाडीत दिली असती. पण ते वाट पाहत होते. मी घसा साफ केला.

"तुम्ही... तुम्ही कॉफी फार पिता."

"हें भांडण? हें तर डॉक्टर बोलतो."

"तुमचा स्वभाव जरा तापट आहे."

"जरा?" ते वैतागून म्हणाले. "तुला शाळेंतून कां काढलें तें कळलें मला."

"काढलं नाही, मी सोडली!" मी म्हणालो. आवाज थोडा वर गेला. तो वर गेलेला ऐकून मीच घाबरलो, पण आता तो खाली येईना. "आणि तुम्ही कुणाचं ऐकता का कधी? अक्का रोज सांगत होत्या. इथं बसून सांगत होत्या. राहू दे, राहू दे, माझा पाय तिथं बसतो. मी दारात उभा राहून ऐकत होतो. ऐकलं का तुम्ही? एवढी शहाणी बाई, तिचं एक ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं?"

फुलवाली थांबून वळून पाहायला लागली. संपलं, म्हटलं. आता खोलीवरचं सामान बांधायचं.

"हळू बोल," सेतुराव म्हणाले. "मी बहिरा नाहीं."

"बहिरे नाही, तर ऐकलं का नाही?"

त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला आणि तोंडावर घेतला. त्यांचे खांदे हलत होते. हसतायत की काय, मला कळेना. विचारायचं धाडसही झालं नाही. मग पंच्याच्या आतून त्यांचा आवाज आला.

"पुढें बोल."

मी बोलत राहिलो.